रोमला निघालो आणि मणिबेलीला पोचलो

ज्यांना रोम शहराचं वर्णन वाचायचं असेल त्यांनी हा लेख खुशाल बाजूला ठेवावा. मी रोमला गेलो नाही. जातो म्हणून गावभर सांगितलं, गळ्यात हार घालून घेतले, घरोघर जेवणं झोडली, आणि पोचलो कुठं, तर आमच्याच पश्चिम खानदेशाच्या टोकाला, नर्मदेकाठी मणिबेलीला. तेही देवदर्शनाला नव्हे, तोंड लपवायला. परत येऊन आता बरेच दिवस झाले, तरी बाजारातून जाताना माझी नजर जमिनीवरच असते. पण रोमसारखीच मणिबेलीही आमच्या वाचकांनी फारशी पाहिलेली नसावी, म्हणून हे लिहायचं धाडस करतो.

नंदुरबार

मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवतो. गावात छगनशेठ म्हणून एका सुरतेच्या माणसाचा कापसातली सरकी काढायचा जिन आहे. पावसाळ्यात जिन बंद, मुनीम आपल्या गावी, आणि शेठ आपल्या बिऱ्हाडी सुरतेला. यंदा त्यांच्या मनात आलं, विलायतेला जाऊन नवी यंत्रं डोळ्यांनी पाहावीत. बरोबर इंग्रजी बोलणारा माणूस हवा म्हणून माझ्यावर मेहेरनजर झाली. आगबोट इटलीला लागणार, पुढं रेल्वेनं विलायत. शेठ सहज बोलून गेले, "वाटेत रोम आहे म्हणतात. चार दिवस उतरू. काय बघायचं ते मास्तर, तुम्ही ठरवा."

झालं! मी ठरवायला बसलो तो उठेचना. मिशनच्या बंगल्यातल्या मडमेकडून एक जुनं वाटाड्या-पुस्तक आणलं. त्यातल्या नकाशाच्या घड्या फाटल्या होत्या, त्या खळ लावून चिकटवल्या. पहिला दिवस त्या प्रचंड गोल रिंगणाचा, जिथं माणसं सिंहापुढं सोडत. दुसरा दिवस जुन्या बाजारचौकाच्या पडक्या खांबांचा. तिसरा दिवस पोपच्या वाड्याचा आणि मोठ्या देवळाचा. चौथा दिवस कारंजी आणि गावाबाहेरच्या दगडी रस्त्याचा. शेठ कांदासुद्धा खात नाहीत, तेव्हा त्यांना तिथं काय घालावं ही मोठी पंचाईत. पुस्तकात वाचलं की तिथले लोक गव्हाच्या पिठाच्या नळ्या उकडून खातात. म्हटलं, सुटलो. शेठना शेवया म्हणून त्याच वाढू.

आमच्या खानदेशात दूरदेशी निघालेल्या माणसाला ओळखीचं एकूण एक घर जेवायला बोलावतं. कुठं खापरावरचे मांडे, कुठं डाळगंडोरी, कुठं भरीत आणि कळण्याची भाकरी. मी जेवायला बसलो की यजमान म्हणे, "मास्तर, सांगा ना तुम्हना रोमना बेत." आणि मी घास हातात धरून चारही दिवस म्हणून दाखवी. शेवटी बेत गावालाच पाठ झाला. दाढी करता करता आमचा न्हावी मला विचारी, "तिसरा दिन तुम्हीन त्या पोपना वाडामा जाणार शेत ना?" एकदा तर मी दुसऱ्या दिवशीचं पहिल्या दिवशी सांगितलं, तर मिठाईवाल्यानं मला दुरुस्त केलं. मला काय, अंगावर मूठभर मांस चढत होतं.

त्यात नारळी पौर्णिमा आली. नंदुरबारला समुद्र कुठला? माणूस समुद्रावर निघालाय म्हटल्यावर ज्यानं त्यानं नारळ आणून दिला. कुणाच्या पोराला ताप येत होता, कुणाच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं. "मास्तर, समुद्रमा सोडजा." मी ऐटीत म्हटलं, किनाऱ्यावर कोणीही सोडेल, मी भर समुद्रात सोडीन! नारळांचं एक पोतं झालं. माझी बायको मथुरा, लोणखेड्याची, तिनंही हळदकुंकू लावून एक नारळ दिला. मथुरा बोलते थोडं. एवढ्या सगळ्या धामधुमीत तिनं मला रोमबद्दल अवाक्षर विचारलं नाही. निघताना मात्र म्हणाली, "पोचनात की कळावज्यात."

"एडनहून पत्र टाकतो," मी म्हटलं. वडील, म्हणजे आमचे आबा, स्टेशनवर आले होते. गाडी हलली तेव्हा फलाटावर माझ्यासाठी ताशा वाजत होता.

मुंबई

मुंबईचं वर्णन करत नाही, तिथं सगळे जाऊन आलेले असतात. शेठ सुरतेला गाडीत चढले होते. धर्मशाळेत उतरलो, शेठच्या ओळखीच्या पेढीवर ट्रंका ठेवल्या. बोटीच्या कचेरीत तिकिटांची खात्री करायला गेलो तर तिथं ही गर्दी. युरोपात लढाई जाहीर झाली होती. आमची बोट सुटणार नव्हती. ती कधी सुटेल हे खिडकीतल्या साहेबालाही ठाऊक नव्हतं, आणि तो ते फार वैतागून सांगत होता.

मी रोमचा बेत घडी घालून खिशात ठेवला. शेठना मात्र काडीचं दुःख नाही. ते म्हणाले, "मास्तर, लढाई म्हणजे कापूस तेजीत. मी आता मुंबईतच राहतो. तुम्ही घरी जा." आणि धोतर सावरत बाजाराकडे चालू लागले. इतके दिवस मी ज्या माणसाच्या जेवणाची काळजी वाहिली, त्यानं रोमचं नावसुद्धा परत काढलं नाही.

घरी तार करावी असं मनात आलं नाही का? आलं. तारघराच्या पायरीपर्यंत गेलोही. पण तार म्हणजे आमच्या गावात चारचौघांत वाचली जाणार. "बोट रद्द, परत येतो." मला ताशा ऐकू येऊ लागला. म्हटलं, शेठ कळवतीलच. शेठना वाटलं असणार, मास्तर पोचतीलच. अशा रीतीनं कुणीच कळवलं नाही.

खांडबारा

सुरतेहून आमची गाडी पकडली. नवापूर गेलं. पुढं खांडबारा, मग नंदुरबार. फलाटावरचा हमाल मला ओळखतो, टांगेवाला ओळखतो, तिकिटं घेणारा तर माझा विद्यार्थी. सगळ्यांचे चेहरे दिसायला लागले. "मास्तर, रोम इतकं जवळ व्हतं का?" हे वाक्य कोण म्हणेल, कुठल्या सुरात म्हणेल, तेही मी ठरवून टाकलं. बेत आखायची सवय, दुसरं काय! खांडबाऱ्याला गाडी थांबली आणि मी ट्रंक, वळकटी आणि नारळांचं पोतं घेऊन उतरून गेलो.

उतरल्यावर कळलं की पुढचा बेतच नाही. अंगावर विलायतेसाठी शिवलेला लोकरीचा कोट, वर भाद्रपदाच्या तोंडचं ऊन. घामाची आंघोळ होत होती, पण कोट काढून हातात धरला तर ओझं आणखी वाढणार. ट्रंक एका दुकानदाराकडे ठेवली, एक बैलगाडी मिळाली, ती धानोऱ्याला जात होती. मीही धानोऱ्याला.

धानोरा

धानोऱ्याला गाडी शिरली तशी माणसं घरांत जाऊ लागली. लोकरी कोटातला माणूस बघून त्यांना वाटलं, सरकारचा कोणी साहेब पीक पाहायला आला. एक म्हातारी तेवढी ओट्यावरून हलली नाही. तिनं पाणी दिलं, मग भाकरी आणि मिरचीचा ठेचा. ज्वारी कमरेएवढी झाली होती, कपाशीला फुलं लागत होती, आणि म्हातारीला साहेबाची भीती नव्हती.

"कोठेन उनात भाऊ?" तिनं विचारलं.

खरं सांगायला काय जात होतं? इथं मला कोणी ओळखत नव्हतं. पण माझ्या तोंडून निघालं, "रोमहून."

"रोम? ते गुजरातमा शे का?"

"लांब आहे. समुद्राच्या पलीकडे."

"आनि तठली माणसं कशी शेत?"

मी तिला रिंगण सांगितलं, खांब सांगितले, पोपचा वाडा सांगितला. ती ऐकत होती, मधूनमधून "आसं का" म्हणत होती. जाताना मी तिला नारळ दिला. लग्न न जमणाऱ्या मुलीच्या बापाचा होता तो. पोत्याचं वजन थोडं कमी झालं म्हणून मला बरं वाटलं, ही गोष्ट लिहिताना आज कान तापतात.

त्याच रात्री वळकटीवर पडल्या पडल्या माझ्या मनात पूर्ण बेत तयार झाला. दिवाळीपर्यंत कुठं तरी डोंगरात राहायचं. मग नंदुरबारला उतरायचं आणि रोम पाहून आलो म्हणायचं. बेत तर गावाला पाठच आहे, कोण अडवणार? माणसाची अक्कल गहाण पडते ती अशी.

तापीपार

हातोड्याच्या घाटावर नावेतून तापी ओलांडली. पाणी गढूळ आणि ताकदीचं. नावाडी एका जागेकडे रोखलेली नाव पार दुसऱ्याच ठिकाणी नेऊन लावतो, आणि तिथंच लावायची होती अशा थाटात बसतो. तळोद्यात माझ्या एका विद्यार्थ्याचं घर आहे, म्हणून उपरण्यानं तोंड गुंडाळून, दात दुखत असल्यासारखा गाल धरून गाव ओलांडलं. एका भल्या माणसानं मला थांबवून दातासाठी लवंग दिली. ती चघळत पुढं निघालो.

अक्कलकुव्यापुढं गाडीवाट संपली. सागाची दाट झाडी, पानं हाताच्या पंज्यापेक्षा मोठी, ओढे सगळे बोलके. बाजारातून मीठ घेऊन परतणारा दामजा नावाचा एक भिल्ल गडी वाटेत भेटला. तो मणिबेलीचा. घरची बोली भिल्ली, पण बाजारापुरती अहिराणी त्याला येत होती. मी म्हटलं, मला नर्मदेकाठी काही दिवस राहायचंय. त्यानं का म्हणून विचारलं नाही. माझं पोतं उचलून आपल्या खांद्यावर टाकलं आणि चालू लागला. मोलगीच्या चढाला माझ्या बुटाचा तळ सुटला. विलायतेसाठी घेतलेले बूट! वेलीनं बांधून ते ओढत ओढत डोंगर चढलो आणि उतरलो.

मणिबेली

एका वळणावर एकाएकी खाली नर्मदा दिसली. दोन्हीकडे हिरवेगार उभे डोंगर आणि मधून ते रुंद, तपकिरी, अखंड पाणी. मला हात जोडावेसे वाटले आणि जोडले. आमच्याकडे गाव म्हणजे भिंतीला भिंत, शेजाऱ्याच्या तव्यावरची भाकरी जळली तर आपल्याला कळावं. इथं एका टेकडीवर एक घर, दुसरं दुसऱ्या टेकडीवर, आणि सगळं मिळून गाव. शेणानं सारवलेल्या बांबूच्या भिंती, आत थंडावा, माणसं आणि गुरं एकाच छपराखाली. दामजाच्या बायकोनं मला पाहून नुसतं हसून जुन्या मक्याच्या पिठाची भाकरी टाकली आणि नदीतल्या माशाचं कालवण ठेवलं. मी मासे खात नाही म्हटल्यावर उडदाची डाळ आली. विचारपूस काही नाही.

दुसऱ्या दिवशी एक फजिती झाली. सकाळी शेताकडे गेलो तर वेलावर काकड्या लटकलेल्या, कोवळ्या, दंव पडलेल्या. आमच्याकडे वाटसरूनं एखादी काकडी तोडली तर कोणी बोलत नाही. मी तोडली आणि खाऊ लागलो. दामजा धावत आला आणि माझ्या हाताकडे बघत उभा राहिला. नवाई अजून झाली नव्हती. नवं पीक आधी देवाला दाखवायचं, सगळ्या गावानं मिळून, आणि मगच तोंडात घालायचं. तोवर घरच्या पोरांनीसुद्धा हात लावायचा नाही. पोरं खरंच इतके दिवस त्या काकड्यांकडे नुसती बघत होती.

मी ओशाळलो. दामजा रागावला नाही. गावच्या पुजाऱ्याकडे गेला, एक कोंबडं दिलं, काही तरी करून आला. मी विचारलं, "काय सांगितलंस त्याला?"

"सांगं की, पाहुणा शे, त्याले माहीत नही," तो म्हणाला. "चूक व्हयनी ते लगेच सांगनं पडस. नही ते सगळा गावले लागस."

मी मान हलवली. आणि त्याच संध्याकाळी, त्याच घरात, आसपासच्या टेकड्यांवरून जमलेल्या माणसांपुढं मी रोम सांगायला बसलो. आता मी नुसतं पुस्तकातलं सांगत नव्हतो. रिंगणातल्या पायऱ्या चढून माझे पाय कसे दुखले ते सांगितलं. कारंज्याचं पाणी पिऊन पाहिलं, गोड होतं, असंही सांगितलं. दामजा माझं बोलणं आपल्या बोलीत सांगे आणि लोक हुंकार देत. एका बाईनं काही तरी विचारलं. दामजा म्हणाला, "ती पुसस, तठे तुम्हीन कोणा घर जेवनात?"

 चार दिवसांच्या त्या सबंध बेतात एकही माणूस नव्हता. "खानावळीत," मी म्हणालो. बाई चुकचुकली. तिला माझी दया आली असावी.

असे दिवस जात होते. रोज मी नदीवर उतरे. शूलपाणेश्वराच्या देवळाकडे जाणारे एकदोन बैरागी दिसत, तेवढीच बाहेरची माणसं. मथुरेनं दिलेला नारळ मी नर्मदेत सोडला. बाकीचे दामजाच्या घरी फोडून खाल्ले गेले. पोरांना खोबरं फार आवडलं. लोकांचे नवस होते ते.

मग एका दुपारी दामजाच्या अंगणात हाक आली, "बांगड्याऽऽ, मणीऽऽ!" हा आवाज मी ओळखला. नंदुरबारच्या मणियार गल्लीतला उस्मानभाई. पावसाचा जोर ओसरला की डोक्यावर पाटी घेऊन नर्मदाकाठची गावं फिरतो. मी घरात पळणार तोच तो समोर उभा. पाटी उतरवायची विसरला.

"या अल्ला! मास्तर, तुम्हीन जित्ता शेत?"

"म्हणजे काय? का नसेन?"

तो खाली बसला. दोन्ही हातांनी माझे गुडघे चाचपून पाहिले. मग सांगू लागला. लढाई लागल्यावर कुठलंसं उतारूंनी भरलेलं जहाज समुद्रात बुडाल्याची बातमी नंदुरबारला आली. कुठलं, कुठं, कोणाला पत्ता नाही. माझं पत्र नाही, शेठचा ठावठिकाणा नाही. गावानं ठरवून टाकलं, मास्तर बुडाले. शाळेला सुट्टी दिली. आबा रोज स्टेशनवर जाऊन बसतात, गाडी आली की डबे बघतात, गाडी गेली की घरी येतात. जेवण नावाला.

"आणि मथुरा?" मी विचारलं.

"दुसरा दिन सकायमा मन्हा दुकानवर उनी. बाया बठेल व्हत्यात. तिनी हात पुढं करात. बोलनी, 'चाचा, हिरव्या. कोपरलगून भरा.'" उस्मानभाईनं डोळे पुसले. "मास्तर, इतली वरीसं मी बांगड्या भरस. त्या दिन मन्हा हात कापी ऱ्हायना व्हता. तिना नही."

 मला वाटत होतं गाव मला हसत असेल. हसत असतं तर काय बिघडलं असतं! इथं मी खोबरं खात, न पाहिलेल्या कारंज्याचं पाणी गोड होतं म्हणून सांगत बसलो होतो, आणि तिकडे ती भरल्या हातांनी गावाला तोंड देत होती. शरम वाटली असं लिहिलं तर ते फार थोडं होईल. मला स्वतःच्या अंगाची किळस आली.

उस्मानभाईनं एकच विचारलं, "किती दिन व्हयनात आठे?" मी वळकटी बांधायला घेतली, आणि तो समजला. विकायच्या बांगड्या तशाच ठेवून, पुढची सगळी गावं सोडून, तो माझ्याबरोबर परत निघाला. त्याच्या धंद्याचे हेच दिवस. मी नको म्हटलं तर म्हणाला, "तुम्हीन एकला गयात ते वाटमा परत लपशात."

परतीची वाट

सपाटीला आलो तेव्हा नवरात्र जवळ आलं होतं. गावोगाव घरं सारवली जात होती, बाया अंथरुणं धूत होत्या, गोधड्या उन्हात वाळत होत्या. एरवी मी थांबून पाहिलं असतं. नावेत बसल्यावर उस्मानभाई हळूच म्हणाला, "मास्तर, गावमा सांगज्यात, बोट रुकनी, मुंबईमा अडकेल व्हतू, आजच उनू. झूट थोडंच शे. मन्हा तोंडमाईन काही निंघाव नही."

मी हो म्हटलं. खरंच हो म्हटलं. तापी ओलांडून नंदुरबारच्या वेशीपर्यंत मी ते वाक्य मनात घोळवत होतो, आणि ते इतकं सोपं होतं की मला पहिल्यांदाच थोडी भूक लागली.

घर

वेशीपाशी न्हाव्यानं पाहिलं. त्यानं गिऱ्हाईकाला अर्धवट दाढीवर सोडलं आणि माझ्या गळ्यात पडला. मग मिठाईवाला, मग टांगेवाला, मग कोण कोण. ज्या तोंडांची मला एवढी भीती, ती सगळी रडत होती. कोणी माझ्या डोक्यावरून हात फिरवी, कोणी पाय उलटे नाहीत ना म्हणून अंगठ्याला हात लावून बघे. आबांना स्टेशनावरून आणायला माणूस धावला. ते आले ते पायांत वहाण नाही अशा अवस्थेत. "उना रे, मन्हा पोऱ्या उना!" म्हणून मला मिठी मारली, आणि त्यांच्या बरगड्या मला हाताला लागल्या. गूळ वाटायला घेतला. ओटा माणसांनी भरून गेला, आणि बोट रुकनी, मुंबईमाच अडकेल व्हतात, असं जो तो आपणहून म्हणू लागला.

मथुरा दारात उभी होती. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. ती रडत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. सगळे बाजूला झाले, तशी तिनं विचारलं, "मुंबईतीन कवय उनात?"

उत्तर तयार होतं. आजच. एवढा एकच शब्द. उस्मानभाई गर्दीत मागं उभा राहून खाली बघत होता. मी तोंड उघडलं, आणि त्या हातांकडे बघत मला तो शब्द काढता येईना.

"लढाई लागली त्याच आठवड्यात," मी म्हणालो. "बोट सुटलीच नाही. मी खांडबाऱ्याला उतरलो. तुम्ही सगळे हसाल म्हणून. मणिबेलीला जाऊन राहिलो."

 आबांच्या हातात गुळाचं ताट होतं. ते त्यांनी ओट्यावर ठेवलं आणि आत गेले. न्हाव्याला आपलं गिऱ्हाईक आठवलं. एकेक करून माणसं पायऱ्या उतरली. हसलं कोणी नाही. मी अगदी वाट पाहत होतो की कुणी तरी हसावं, एखादी शिवी द्यावी. ज्यांनी हातावर गूळ घेतला होता त्यांना त्याचं काय करावं ते कळत नव्हतं, आणि ते तो तसाच मुठीत धरून गेले.

उस्मानभाई शेवटी गेला. ओट्यावर मी आणि दारात मथुरा, एवढेच उरलो. तिनं चौकट धरली आणि हळूहळू उंबऱ्यावर बसली. मी पुढं झालो तर तिनं हातानं थांबवलं.

"लोके सांगेत, तुम्हीन बुडनात," ती म्हणाली. "ते आयकीसन मी उभी ऱ्हायनू. तुम्हीन लपनात, हाई आयकीसन माले बसनं पडनं."